पडावावर वाचलेली पोथी

शांताराम बोरसे मास्तरांची आणि माझी पहिली भेट सुरतच्या उधन्यातील एका डाइंग मिलच्या प्रयोगशाळेत झाली. मी तेथे रंगजुळणीचे काम करीत असे. व्यापारी कापडाचा तुकडा आणून देत आणि त्याच रंगाचे सूत निघावे म्हणून कोणता रंग किती घालायचा, ते प्रमाण मी काढून देई. मास्तर जवळच्याच एका जॅकार्ड कारखान्यात ग्राफ रंगवीत असत. साडीच्या काठावर मोर किंवा वेल विणायचा असला की तो आधी चौकटींच्या कागदावर एकेक चौकट भरून काढावा लागे, मग त्यावरून पुठ्ठ्याचे पत्ते पाडून ते मागावर चढवीत. आता ही सगळी कामे संगणकावर होतात. त्या काळी ती हाताने होत आणि मास्तरांचा हात आमच्या भागात सर्वांना माहीत होता.

मास्तर आले ते रिकाम्या हाताने. वांग्याच्या फुलाच्या रंगाचे सूत हवे, असे ते म्हणाले. नमुना आणल्याशिवाय मी काही करू शकत नाही, असे मी सांगितले. दुसऱ्या दिवशी ते ओल्या रुमालात खरेच वांग्याचे फूल घेऊन आले. दुपारपर्यंत खपून मी रंग जुळवला. प्रयोगशाळेतल्या ट्यूबलाइटखाली तो अगदी बरोबर होता. मास्तरांनी सुताची लडी आणि फूल दोन्ही उचलले आणि दाराबाहेर उन्हात नेऊन धरले. तेथे दोघांत फरक दिसत होता. आमच्या धंद्यात असे होते आणि ते चालून जाते. मी तसे म्हटलेही.

“चालून जातं हे खरं आहे,” मास्तर म्हणाले. “पण दोन मिनिटं माझ्याबरोबर उभे राहून बघा.”

मी उभा राहिलो. तोवर फूलही मलूल होऊन त्याचा रंग बदलला होता. मास्तर हसले आणि म्हणाले, “आता आपण दोघंही चुकलो, महाजन.” त्या दिवशी मी पुन्हा रंग काढून दिला, परंतु हा गृहस्थ वेळ फार घेतो, असेच माझे मत झाले. ते पुढे बरीच वर्षे टिकले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

मास्तरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी नाही म्हटले होते. मला लिहिण्याची सवय नाही. मिलमध्ये मी फक्त प्रमाणे लिहीत असे. परंतु आपल्या बैठकीच्या कपाटात पक्ष्यांचे जे राणी रंगाच्या कापडातले पुस्तक आहे, त्यावर हळदीचे डाग कसे पडले, असे अनेक जण विचारतात. ते मास्तर सांगत नाहीत. माझ्या परवानगीवाचून ते कोणी सांगू नये, असा त्यांचा आग्रह आहे. म्हणून मीच लिहीत आहे.

गोडादऱ्यातील मास्तरांच्या घराच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी बैठक भरते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. नव्या वाचकांसाठी थोडे सांगतो. प्रथम एखाद्या पुस्तकातील एक-दोन पाने वाचली जातात. नंतर भिंतीवर एखादे चित्र टांगून सर्व जण ते काही न बोलता पाहतात. मग या आठवड्यात कोणी काय पाहिले, ते ज्याने त्याने सांगायचे. प्रवचन नाही, आरती नाही. मास्तर कोणालाही पाया पडू देत नाहीत आणि गुरुजी म्हटलेले त्यांना आवडत नाही. “मी ग्राफ भरणारा माणूस आहे,” असे ते म्हणतात. एकदा तलाठ्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, सर्व जग ही माया आहे, या विषयावर बराच वेळ बोलले. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तुम्हाला ती या आठवड्यात कुठे दिसली?” ते गृहस्थ थांबले. थोडा विचार करून म्हणाले, “सुनेनं मला न विचारता घराला रंग दिला. मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर रंग चांगला होता.” सगळे हसले. मास्तर म्हणाले, “हे आधी सांगायचं.”

भिंतीवरच्या चित्रांत मास्तरांचा स्वतःचा एक ग्राफ काचेच्या चौकटीत आहे. त्यात पोपट आहे आणि त्या पोपटाला डोळा नाही. रंगवताना ती एक चौकट भरायची राहिली, पत्ते तसेच पाडले गेले, आणि चूक ध्यानात येईपर्यंत साड्या विणून बाजारात गेल्या होत्या. कारखान्याचे शेठ काही बोलले नाहीत, कोणत्याही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही. मास्तर मात्र अजूनही रस्त्याने जाताना बायकांच्या पदराचे काठ पाहत चालतात. ती साडी नेसलेली एखादी बाई दिसली तर काय करणार, असे त्यांना कोणी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “काही नाही. चांगली दिसते का, तेवढं बघणार.” यावर मालतीकाकूंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नींनी, जिन्यावरून ऐकवले की या वयात बायकांचे काठ बघत फिरताना मार खाल्ला तर सोडवायला मी येणार नाही.

या बैठकीला माझी पत्नी सुनंदा येत असे. मी येत नसे. मी तिला स्कूटरवरून आणून सोडी आणि खाली ओट्यासमोर स्कूटर लावून तिच्यावरच वर्तमानपत्र वाचत बसे. मालतीकाकू चहा बाहेर आणून देत आणि देताना आपल्या अहिराणीत टोमणाही मारीत. “आत बठशात त काय पाय मोडतीन का तुमना?” असे त्यांनी मला किती वेळा विचारले असेल. मी चहा पिऊन कप परत करीत असे. अशा गोष्टींची मला गरज नाही, असे मला वाटे. सुनंदाने मला कधी आग्रह केला नाही. घरी येताना मागे बसून ती सांगत असे, तेवढे मी ऐकत असे.

बैठकीच्या पुस्तकांची एक रीत आहे आणि पुढची हकीकत त्या रीतीतूनच घडली, म्हणून ती सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक पुस्तकाला मालतीकाकू कापडाची पिशवीसारखी खोळ शिवतात. साड्यांच्या कारखान्यांतून उरलेले तुकडे त्यासाठी येतात. खोळीवर पुस्तकाचे नाव नसते. धार्मिक ग्रंथ असो, गोष्टी असोत, प्रवासवर्णन असो की झाडांची माहिती असो, बाहेरून सगळी सारखीच दिसतात. नाव बघून कोणी नमस्कार करू नये आणि नाव बघून कोणी बाजूलाही ठेवू नये, हा मास्तरांचा त्यामागचा विचार आहे. पुस्तके रंगांवरून ओळखली जातात. शेवटी काही कोरी पाने काकू टाचून देतात. ज्याने पुस्तक घरी नेले त्याने त्या पानांवर आपल्या दिवसातली एखादी पाहिलेली गोष्ट लिहायची. पुस्तकाविषयी अभिप्राय लिहायचा नाही. सही करायची नाही.

तीन वर्षांपूर्वी सुनंदा आजारी पडली. आजार पोटाचा होता आणि तो उशिरा समजला. रुग्णालयात जाताना तिने पक्ष्यांचे ते राणी रंगाचे पुस्तक बरोबर घेतले. मास्तर तिला भेटायला येत. आजारी माणसापुढे लोक जे बोलतात त्यातले ते काहीही बोलले नाहीत. ते खिडकीशी खुर्ची ओढून बसत. एकदा मी औषधे घेऊन परतलो, तेव्हा दोघे जण समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींकडे पाहत होते आणि वारा आला की कोणती आधी हलेल, याचा अंदाज करीत होते. मला ते त्या वेळी आवडले नाही. मनात म्हटले, येथे काय चालले आहे आणि यांना चादरी सुचतात. पण त्या दिवशी सुनंदाला भूक लागली, हेही मी पाहिले.

शेवटच्या आठवड्यात तिला घरी आणल्यावर ती मला म्हणाली, “अहो, ते पुस्तक वाचू नका हवं तर. पण मागची पानं तेवढी वाचा. आत्ता नको. नंतर.” मी हो म्हटले. नंतर म्हणजे कधी, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. मार्गशीर्षात ती गेली.

तेराव्यानंतर तिची वापरायची वस्त्रे कोणाला तरी द्यायची होती. मला ते कपाट उघडणे जमेना. माझे थोरले भाऊ बारडोलीला असतात, त्यांचे तेथे किराणा दुकान आहे. वहिनी आल्या होत्या, त्यांनी ते काम केले. सगळ्या साड्यांचे गाठोडे बांधून त्या बारडोलीला घेऊन गेल्या आणि ऊसतोडीसाठी आलेल्या बायकांना वाटून आल्या. ऊसतोडीची कुटुंबे हंगामात शेताच्या कडेला झोपड्या घालून राहतात, त्याला तिकडे पडाव म्हणतात. माणूस गेल्यावर त्याची वस्त्रे गरजूच्या अंगावर जावीत, ही आमच्याकडची पद्धत आहे आणि वहिनींनी ती मनापासून पाळली.

महिनाभराने मी पुस्तक शोधू लागलो. ते कोठेही नव्हते. फोनवर वहिनींना विचारले, तेव्हा उलगडा झाला. सुरतेत नवीन साडी पुठ्ठ्यावर घडी घालून मिळते, हे आपणांस सांगायला नको. सुनंदाने ते बारीक पुस्तक आपल्या एका बऱ्या साडीच्या घडीत ठेवले होते. वहिनींच्या हाताला कडक लागले तो त्यांना पुठ्ठा वाटला, आणि वर राणी रंगाचे शिवलेले कापड दिसले ते त्या साडीचे ब्लाउजपीस वाटले. न वापरलेली साडी म्हणून त्यांनी ती पडावावरच्या एका लेकुरवाळ्या बाईला आठवणीने दिली होती. फोनवर त्या रडू लागल्या. मला त्यांना धीर देता आला नाही. मी फोन ठेवून दिला.

तिचे शेवटचे लिहिलेले जे काही होते, ते मी न वाचताच देऊन टाकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांकडे गेलो आणि प्रथमच त्यांच्या घरात जाऊन बसलो. बैठकीचे पुस्तक हरवले, असेच मी सांगितले. बाकीचे बोलणे जमत नव्हते. मालतीकाकू म्हणाल्या, “बठ. पहिले चहा पी ले.” चहा पिऊन मी बाकीचे सांगितले, ते सगळे ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “मीच साडीसारखं शिवं. तिना काय दोष?” आणि आत निघून गेल्या. मास्तरांनी पुस्तकाबद्दल एकही शब्द काढला नाही. त्यांनी विचारले, “मागची पानं वाचली होती?” मी नकारार्थी मान हलवली. मास्तर उठले, टोपी घेतली आणि म्हणाले, “बारडोलीची बस किती वाजता आहे?” तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते आणि त्या आठवड्यात त्यांना खोकला होता.

आम्ही भावाकडे उतरलो आणि वहिनींना बरोबर घेऊन दुपारी पडावावर गेलो. माणसे नुकतीच उसाच्या फडातून परतली होती. वहिनींनी ती झोपडी दाखवली. बाईचे नाव केवळबाई. साक्रीकडची होती. वहिनींनी तिला सांगितले की साडीबरोबर चुकून एक पुस्तक आले आहे, ते या भाऊंना परत हवे आहे. केवळबाई चटकन झोपडीच्या दारात आडवी उभी राहिली.

“पोथी शे ती,” ती म्हणाली. “दिधेल वस्तू परत मांगतस का कोनी?”

तिच्या खांद्यावरून मला आतले दिसले. कोपऱ्यात एका खोक्यावर देवाचा टाक होता आणि त्याच्या शेजारी ते राणी रंगाचे पुस्तक खोळीसकट उभे करून ठेवले होते. त्यावर हळदकुंकू वाहिले होते आणि पुढे उदबत्तीची राख पडली होती. कापडात बांधलेले पुस्तक म्हणजे पोथीच, असे तिने धरले होते. तिच्या घरात कोणाला वाचता येत नव्हते, आणि येत असते तरी पोथी अशी कोणीही उघडू नये म्हणून तिने ती उघडली नव्हती. रोज सकाळी फडात जाण्यापूर्वी ती तिची पूजा करीत होती.

मी रागाने बोलणार होतो. ती पोथी नाही, माझी वस्तू आहे, असे तोंडाशी आले होते. मास्तरांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि केवळबाईला विचारले की आम्ही थोडा वेळ बसलो तर चालेल का. तिने गोणपाट टाकले. ती साशंक होती, पण तिने पाणी दिले. मग तिनेच विचारले, ही पोथी कोणत्या देवाची आहे.

मला वाटले, मास्तर आता काहीतरी सांभाळून सांगतील. ते म्हणाले, “पक्ष्यांची आहे, माय. पक्षी कुठे राहतात, काय खातात, पिलं कशी वाढवतात, ते लिहिलंय. देवाचं नाव त्यात कुठेच नाही.”

केवळबाईचा नवरा बाहेर कोयत्याला धार लावत होता. तो मोठ्याने हसला. “महिनाभर अगरबत्ती कावळासले लाई का वं तू?”

आजूबाजूच्या झोपड्यांतली माणसेही हसली. केवळबाईने मागे वळून पाहिलेसुद्धा नाही. “लाई त काय व्हयनं? कावळा पितर नई का?” असे म्हणून ती मास्तरांकडे वळली. “उनात त वाची जा मंग.” आलाच आहात तर वाचून जा, असे तिचे म्हणणे होते.

मास्तर उठले. ड्रममधले पाणी घेऊन त्यांनी हातपाय धुतले, मग पुस्तक हातात घेतले. मला ते नाटक वाटले. पुढे एकदा मी तसे बोलून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, “मी घरीही हातपाय धुऊनच पुस्तक उघडतो. तुम्ही बाहेर बसत होतात, म्हणून तुम्हाला माहीत नाही.”

त्यांनी टिटवीचे प्रकरण वाचले. टिटवी घरटे बांधत नाही, उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते आणि कोणी जवळ आले की ओरडून त्याला दुसरीकडे नेते, असे त्यात होते. वाचता वाचता दहा-पंधरा माणसे येऊन बसली. एका म्हाताऱ्या बाईने मध्येच सांगितले की हे खरे आहे, मागच्या महिन्यात तोडलेल्या फडात त्यांना अशी चार अंडी दिसली होती आणि तेवढी जागा त्यांनी सोडून दिली होती. मुकादम त्यावरून ओरडला होता. मास्तरांनी पुस्तक खाली ठेवून तिला अंड्यांचा रंग विचारला. तिला तो नीट सांगता येईना. मातीसारखा, पण माती नव्हे, असे ती म्हणाली. मास्तरांनी मान डोलावली आणि मग मागची पाने उघडली.

आधी इतरांचे लिहिलेले होते. कोणाच्या टाकीवर बुलबुल बसला होता, कोणाला मिलच्या भोंग्यानंतरची शांतता ऐकू आली होती. मग मास्तरांचा आवाज थोडा हळू झाला आणि मला कळले की सुनंदाचे अक्षर आले.

सलाईनची बाटली खिडकीपाशी टांगली होती, तिच्यातून डावीकडचे झाड उजवीकडे दिसत होते, नर्सला दाखवले तेव्हा तिनेही वाकून पाहिले, असे तिने लिहिले होते. एका दिवशी लिहिले होते की आज देवाजवळ काही मागितले नाही, मागायचे विसरले. पुढचे मास्तरांनी शब्दशः वाचले.

“हे डब्यातून खिचडी आणतात. मीठ घालायला विसरतात. मी सांगत नाही. मी खाताना माझ्या तोंडाकडे बघत बसतात, रंग जुळला की नाही बघतात तसे.”

“मीठच टाकं नई?” केवळबाई म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. सुनंदा गेल्यानंतर मी प्रथमच हसलो होतो आणि ते माझ्या लक्षात आले.

मास्तरांनी पान उलटले, पुढच्या ओळी मनात वाचल्या आणि पुस्तक माझ्याकडे दिले. “हे तुम्ही वाचा,” ते म्हणाले. मी मनातच वाचले. केवळबाईने विचारले, काय लिहिले आहे. मी मास्तरांकडे पाहिले. ते दुसरीकडे पाहत होते. मग मी मोठ्याने वाचले. शाळा सोडल्यानंतर मी चार माणसांपुढे काही वाचले नव्हते.

“रविवारी हे बाहेर स्कूटरवर बसून राहतात. मी नसले की यांना बाहेर बसायलाही कारण उरणार नाही. तेवढी एक काळजी आहे.”

त्याखाली पान कोरे होते.

केवळबाईने हलक्या आवाजात विचारले, “तुमनी बायकोनी लिखेल शे का हाई?” मी हो म्हटले. तिने पदराने खोळीवरचे कुंकू पुसले, जितके निघाले तितके, पुस्तक खोळीत घातले आणि माझ्या हातात दिले. “मंग लई जा, दादा. मना काय हक शे?”

मी ज्यासाठी आलो होतो ते माझ्या हातात होते. मी उठलो. तेव्हा ती टिटवीची अंडी पाहिलेली म्हातारी म्हणाली, “पुढला अध्याय कव्हय?” पोथी एका दिवसात संपत नाही, रोज एक अध्याय असतो, या हिशेबाने ती विचारत होती. सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तर वाकून आपल्या चपला शोधू लागले. चपला त्यांच्या पायाशीच होत्या.

मी म्हटले, “रविवारी.”

मग मी आत जाऊन पुस्तक होते तेथे खोक्यावर परत ठेवले. मला त्याबद्दल अधिक काही लिहिता येणार नाही. परतीच्या बसमध्ये मास्तर खिडकीला डोके टेकून झोपले. सुरत आल्यावर त्यांनी फक्त एवढेच विचारले की पुढचे प्रकरण कोणते आहे. खंड्याचे, मी म्हटले.

त्या हंगामात मी एकही रविवार चुकवला नाही. फडाला रविवारची सुटी नसते, म्हणून वाचन दुपारी होई. सुरुवातीला मी फार भरभर वाचत असे, केवळबाईचा नवरा म्हणे, साहेबांना बस गाठायची आहे. पुढे पुढे जमले. पक्ष्यांविषयी त्या माणसांना पुस्तकापेक्षा जास्त माहिती होती आणि त्यांनी सांगितलेले मी मागच्या कोऱ्या पानांवर, सुनंदाच्या अक्षराखाली लिहीत गेलो. आपल्यापैकी काहींना तेथे एकच अक्षर बरीच पाने चाललेले दिसले असेल. ते माझे आहे. एका पुस्तकात एका माणसाने इतके लिहिणे बैठकीच्या रीतीत बसत नाही, पण मास्तरांनी हरकत घेतली नाही. हंगाम संपून पडाव उठला तेव्हा केवळबाईने पुस्तक भावाच्या दुकानात आणून दिले. त्यानंतरच्या हंगामांत मी दुसरी पुस्तके नेली. तीच माणसे दर वर्षी येतात असे नाही, पण केवळबाई येते.

हे सर्व लिहिण्याचे कारण एवढेच की मास्तरांनी मला कोणताही उपदेश केला नाही. दुःख कसे सहन करावे, आत्मा अमर आहे की नाही, यांपैकी काहीही त्यांनी मला सांगितले नाही. मी विचारले असते तरी त्यांनी सांगितले नसते, असे मला वाटते. त्या दिवशी त्यांना पुस्तक मागून घेता आले असते. दोन वाक्यांत काम झाले असते आणि मी ती पाने घरी एकटा वाचली असती. मग काय झाले असते, ते मला माहीत आहे. मास्तरांनी आयुष्यभर एकेक चौकट भरण्याचे काम केले. माणसांच्या बाबतीतही त्यांची घाई मी पाहिली नाही. त्यांच्यात दोष नाहीत असे नव्हे. ते नावे विसरतात, कोणी मध्ये बोलले तर नाराज होतात आणि एका चित्रासमोर आम्हाला इतका वेळ बसवतात की पायाला मुंग्या येतात. मीही आता तेथे आतच बसतो आणि माझ्याही पायाला मुंग्या येतात.

या वर्षी दिवाळीनंतर पडाव पुन्हा बसेल. मास्तरांच्या उजव्या गुडघ्याने गेल्या हंगामात त्रास दिला, त्यामुळे तीन-चार वेळाच येणे झाले. मालतीकाकू त्यांना बसने पाठवायला तयार नाहीत. मास्तरांचे म्हणणे असे की बसमध्ये चढताना एक माणूस वर आणि एक खाली असला म्हणजे पुरे आहे. वर मी उभा राहीन. खाली उभे राहायला आपल्या बैठकीतून कोणी ना कोणी निघेल, अशी मला खात्री आहे.

मास्तरांना निरोगी आयुष्य लाभावे, त्यांचे डोळे आणि गुडघे त्यांना साथ देवोत, आणि मालतीकाकूंचा आवाज जिन्यावरून असाच ऐकू येत राहो, अशी मी अंतःकरणापासून प्रार्थना करतो. दर रविवारी मी झोपडीपाशी पोचलो की केवळबाई मास्तरांना शोधत माझ्यामागे रस्त्याकडे पाहते आणि विचारते, बाबा नई उनात? त्यावर ‘मागून येताहेत’ एवढेच उत्तर मला अजून पुष्कळ वर्षे देता यावे.